वजन कुठंच नाही

गौतमीचं अकरावीचं पुस्तक मी केबिनमध्ये नेतो,
डब्याखाली, तेलकट फडक्यात गुंडाळून.
माझगावच्या गोदीत, तीस मीटर उंचीवर,
आजवर कुणी दोलकाचं प्रकरण वाचलं नसेल.

दहावीला गणितात मला एकोणतीस होते.
सहा मार्कांसाठी वडिलांनी गोदीत आणून सोडलं,
आणि ते सहा मार्क
अजून माझ्या पगारातून कापले जातात.

पुस्तकात एक दोरी आहे, खाली गोळी.
हे मला काय सांगता?
बावीस वर्षं हेच करतोय,
फक्त माझी गोळी अकरा टनांची
आणि तिच्याखाली याकूब उभा असतो.
झुलता माल थांबवायचा तर बूम त्याच्यामागे न्यायचा,
तो टोकाला पोचला की नेमकं डोक्यावर जाऊन उभं राहायचं.
आई दिसल्यावर पोर गप्प होतं, तसा तो गप्प होतो.
हे कुठल्या चिन्हात लिहितात, मला माहीत नाही.

चिन्हांशी माझी तोंडओळख आहे.
थीटा म्हणजे एकाच टाक्यावर धरलेलं शर्टाचं बटण.
संकलनाचं चिन्ह म्हणजे सरळ झालेला हूक,
कुणी माझ्याकडे पाठवला असता तर भंगारात टाकला असता.
एका ओळीत लिहिलंय: कोन लहान असेल तर
साइन थीटा जवळजवळ थीटाच.
जवळजवळ!
गोदीत हा शब्द काढला असता
तर तांडेल फोरमनने घरी बसवलं असतं.

आणि शेवटी एक छप्पर.
छपराखाली लांबी, तिच्याखाली जी.
मी वाकून वाकून पाहिलं,
वजन कुठंच नाही.
केबिनमध्ये एकटाच हसलो.
रिकामा हूक आणि भरलेला हूक एकाच तालात झुलतात
हे मला ठाऊक होतं, कुणाला बोललो नव्हतो.
वाटायचं, आपलंच काहीतरी चुकत असेल.

मग जरा माज आला.
म्हटलं, दोर दुप्पट तर वेळ दुप्पट, यात काय मोठं.
तांडेल भाऊच्या धक्क्याकडे जेवायला गेला तशी
चार मीटर दोर सोडला, बूमला एक हिसका.
याकूब खालून दर झोक्याला शिट्टी मारत होता.
दहा झोके, भागिले दहा (भागाकार मला येतो):
चार सेकंद.
आता आठ मीटर, आठ सेकंद. चहाची पैज.

आले पावणेसहाला जरा कमी.

पुन्हा मोजले. घड्याळ बदललं.
याकूब म्हणाला, वारा असेल.
वारा नव्हता. जहाजावरचं फडकंसुद्धा मेल्यासारखं.
नऊ मीटरला सहा आले. सोळाला आठ.
डब्याच्या कागदावर एकाखाली एक लिहिलं,
सेकंद निम्मे केले: दोन, तीन, चार.
आणि चौथीतला बेंच मागून बोलायला लागला,
बे दुणे चार, तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा.

म्हणजे छप्पर म्हणजे हे.

हाताला ठाऊक नव्हतं का?
होतं. त्यानेच तर रोज नेमक्या क्षणी माल पकडला.
बोलला नाही, कारण त्याला कुणी बोलायला शिकवलं नव्हतं.
आणि मी, तोंडाने, दुप्पट म्हणत होतो.

रात्रशाळेत मस्करेन्हस सरांना कागद दाखवला.
त्यांनी तो ट्यूबलाइटखाली धरला, तेलाचे डागसुद्धा वाचले.
पण छप्परच का सर? पत्रा का नाही, ताडपत्री का नाही?
"त्यासाठी विकलन लागेल, कासारे.
त्याआधी बीजगणित. त्याआधी अपूर्णांक नीट.
दोन वर्षं धरा."
मग म्हणाले, सोमवारी लवकर या.

पुस्तकात प्रकरणाच्या तळाशी, बारीक अक्षरात,
एक प्रश्न आहे. उत्तर मागे दिलेलं नाही:
कोन लहान नसेल तर?

मला एक रात्र आठवते.
कोन लहान नव्हता.
याकूब तेव्हा दोन्ही पायांनी सरळ चालायचा.
पुस्तक मिटून मी खाली पाहतो,
तो हात वर करतो. अजून एक झोका?